परवान्याची मुदत आणि चार दिवसांचें अंतर

दौंडच्या एका भगिनींचें पत्र गेल्या पंधरवड्यांत आम्हांस आलें. त्यांच्या श्वशुरांचा मोटार हांकण्याचा परवाना संपून सात महिने झाले आहेत. मध्यंतरीं प्रकृतीच्या कारणानें त्यांना कचेरीपर्यंत जातां आलें नाहीं. घरांत दुसऱ्या कोणास गाडी येत नाहीं, आणि श्वशुरांचें म्हणणें असें कीं, "पस्तीस वर्षें गाडी चालवितों आहें, कागदावरची तारीख उलटली म्हणून हात कांहीं विसरत नाहींत." तेव्हां परवाना आतां कसा मिळवावा, आणि तो मिळेपर्यंत त्यांना गाडी चालवूं द्यावी कीं नाहीं, असे दोन प्रश्न या बाईंनीं केले आहेत. पहिल्याचें उत्तर सोपें आहे. दुसऱ्याचेंही सोपेंच आहे, परंतु तें देण्यास आम्ही फारसे अधिकारी नाहीं, आणि कां नाहीं हें सांगितल्यावांचून हा लेख पुरा व्हावयाचा नाहीं.

प्रथम कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत पूर्वी अशी सवलत होती कीं मुदत संपल्यानंतरही ३० दिवसपर्यंत परवाना चालत असे. २०१९ सालच्या दुरुस्तीनें ही सवलत काढून टाकली. त्याऐवजीं मुदत संपण्याच्या आधीं एक वर्षापासून तों संपल्यानंतर एक वर्षापर्यंत केव्हांही नूतनीकरणाचा अर्ज करतां येतो, अशी सोय करण्यांत आली. वर्ष उलटून गेलें म्हणजे मात्र गाडी चालविण्याची परीक्षा पुन्हां द्यावी लागते. ही मर्यादा पूर्वी पांच वर्षांची होती, ती एकावर आली. येथें पुष्कळ शहाण्या माणसांचा घोटाळा होतो. संपल्यानंतरचें जें वर्ष दिलेलें आहे तें अर्ज करण्यासाठीं आहे, गाडी चालविण्यासाठीं नाहीं. तारीख उलटली कीं दुसऱ्या दिवसापासून तो माणूस कायद्याच्या दृष्टीनें बिनपरवान्याचा.

आमच्या वाचकांस हें एका घरगुती दृष्टान्तानें चांगलें समजेल. संध्येची वेळ टळली तर संध्या बुडत नाहीं. कालातिक्रमाचें प्रायश्चित्त म्हणून एक अर्घ्य जास्त द्यावयाचें आणि पुढें चालावयाचें. कचेरींतलें उशिराचें जादा शुल्क तें हेंच. मुंजीला आठवें वर्ष मुख्य, परंतु सोळाव्यापर्यंत गौणकाल आहे. तोही ओलांडला तर मुलगा पतितसावित्रीक होतो, आणि मग साध्या अर्घ्यानें भागत नाहीं. परवान्याचें एक वर्ष हा त्याचा गौणकाल होय. मात्र गौणकालांत मुंज लावतां येते एवढाच त्याचा अर्थ. मुंज न लागलेल्या मुलानें त्या काळांत वेदाध्ययन करावें असा नव्हे.

दौंडच्या भगिनींच्या श्वशुरांस सातच महिने झाले आहेत, म्हणजे परीक्षेची पाळी अद्याप आलेली नाहीं. त्यांनीं 'सारथी' नांवाच्या सरकारी संकेतस्थळावर नूतनीकरणाचा अर्ज भरावा. वय चाळिसाच्या पुढें असल्यामुळें 'नमुना १-अ' हें डॉक्टरांचें प्रमाणपत्र लागेल. त्यावर डॉक्टरांचा शिक्का व नोंदणीक्रमांक असल्याची खात्री करून घ्यावी. (हें आम्ही अनुभवानें लिहितों, त्याची हकीकत पुढें आहे.) परवाना मिळेल तो पांच वर्षांचा, पंचावन्न वर्षांपुढें सर्वांस तेवढाच मिळतो. दौंडच्या लोकांस बारामतीची कचेरी आणि आम्हां शिरूरकरांस पुण्याची, अशी वांटणी आहे. तथापि नूतनीकरणासंबंधीं कायद्याचे शब्द 'कोणताही परवाना-अधिकारी' असे आहेत, तेव्हां श्वशुर प्रकृतीसाठीं मुलीकडे दुसऱ्या गांवीं राहात असतील तर तिकडेही अर्ज करण्यास आडकाठी नसावी.

सरकारी मराठींत या कागदास 'अनुज्ञप्ति' म्हणतात. आमचा जन्म मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेला, तरी हा शब्द आमच्या घरांत कोणाच्या तोंडीं बसला नाहीं. 'परवाना' हा फारसी शब्दच आम्हीं पत्करला, आणि तरुण मंडळी 'लायसन' म्हणतात तें आम्ही ऐकून घेतों.

आतां दुसरा प्रश्न.

आमचा स्वतःचा परवाना २८ जानेवारी २०२० रोजीं संपला. त्याच आठवड्यांत आम्हांस साठ वर्षें पुरीं झालीं आणि घरांत उग्ररथ शांतीची गडबड होती. भटजी, कलश, पाहुण्यांचीं अंथरुणें, आणि माघांतल्या थंडीनें सर्दावलेलीं मुलें, यांत त्या तारखेकडे पाहण्याची सवड कोणास होती? शिवाय जुनी ३० दिवसांची सवलत आमच्या डोक्यांत पक्की बसली होती. ती गेल्या वर्षीं काढून टाकली आहे हें आम्हांस ठाऊक नव्हतें. म्हणून फेब्रुवारींत आम्ही निःशंक मनानें सहा माणसें गाडींत घालून रांजणगांवीं महागणपतीच्या दर्शनास जाऊन आलों. मार्चमध्यें कचेरीची वेळ घ्यावी, परिवहन अधिकाऱ्यांचें तालुक्याचें शिबिर भरेल त्या वेळीं तेथेंच काम उरकावें, असा आमचा बेत होता. मार्च आला आणि त्याबरोबर महामारीची बंदी आली. २३ मार्च रोजीं महाराष्ट्रांत जिल्ह्यांच्या सरहद्दी बंद झाल्या, २५ मार्चपासून सर्व देश बंद झाला. कचेऱ्या आणि शिबिरें त्यांतच आलीं.

पुढें ३० मार्च रोजीं केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याचा आदेश निघाला कीं, ज्यांच्या परवान्यांची व गाडीच्या कागदपत्रांची मुदत संपली आहे परंतु बंदीमुळें नूतनीकरण करतां येत नाहीं, त्यांचीं कागदपत्रें ३० जून २०२० पर्यंत वैध समजावींत. आम्हीं वर्तमानपत्रांत मथळा वाचला आणि समाधानानें चष्मा काढून ठेविला. राजानें आपद्धर्म जाणला असें वाटलें. मजकूर शेवटपर्यंत वाचला असता तर बरें झालें असतें.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यांत दौंडहून दूरध्वनि आला. आमच्या वडील भगिनी, ज्यांना सारें घर अक्का म्हणतें, न्हाणीघरांत पडल्या होत्या. उजवें मनगट मोडलें होतें. शेजाऱ्यांनीं त्यांना दवाखान्यांत नेऊन हात बांधून आणिला होता, परंतु घरीं त्या अगदीं एकट्या. यजमान चार वर्षांमागें गेले, मुलगा बंगळुराकडे अडकलेला, आगगाड्या उभ्या. ज्या दौंड स्टेशनांत रात्रंदिवस गाड्यांची ये-जा, तेथें प्रवाशांची एकही गाडी नाहीं, असें अक्काच आम्हांस सांगत होत्या, आणि स्वतःविषयीं विचारलें कीं म्हणत, "माझें काय, डाव्या हातानें चहा होतो." सत्तरी उलटलेली बाई डाव्या हातानें शेगडी पेटवीत आहे हें आमच्या डोळ्यांपुढें आलें आणि आम्हीं ठरविलें कीं त्यांना शिरूरास आणावयाचें.

नकाशा ज्यांच्या डोळ्यांपुढें नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों. शिरूर घोडनदीच्या कांठीं आणि दौंड भीमेच्या; दोन्ही गांवें पुणें जिल्ह्याच्या अगदीं कडेला, दोहोंच्या पलीकडच्या तीरावर तेव्हांचा अहमदनगर, आतांचा अहिल्यानगर जिल्हा. जवळचा रस्ता नदी ओलांडून काष्टीवरून जातो, म्हणजे परजिल्ह्यांतून; तो त्या वेळीं बंद. राहिला लांबचा : न्हावरे, पारगांव, चौफुला, वरवंड, पाटस आणि मग दौंड. पोलिसांची परवानगी काढणें अवश्य होतें. हाडाच्या दुखण्याचा दाखला दूरध्वनीवरून मागविला, अर्ज झाला, आणि परवानगी मिळालीही. घरची मारुती आमच्या दादांच्या, म्हणजे वडील बंधूंच्या, नांवावर आहे. चालवीत असूं मात्र आम्ही. आमचा मुलगा मुंबईस अडकला होता. आम्हीं किल्ली खुंटीवरून काढली आणि पाण्याची बाटली भरावयास सांगितली.

येथें आमच्या धाकट्या सूनबाई पुढें आल्या. दोन वर्षांपूर्वीं त्या रीतसर गाडी शिकल्या होत्या, परवाना मिळविला होता. पण आम्हीं त्यांना बाजारपेठेच्या पलीकडे कधीं गाडी नेऊं दिली नव्हती. परवानगीच्या अर्जांत चालकाच्या परवान्याचा क्रमांक भरावयाचा म्हणून त्यांनीं आमचा कागद पाहिला होता. त्या म्हणाल्या, "मामंजी, आपला परवाना २८ जानेवारीस संपला आहे. अर्जांत मी माझा क्रमांक घातला आहे."

आम्हीं ३० मार्चचा आदेश त्यांना ऐकविला. त्यांनीं तोच आदेश आपल्या फोनवर काढून आमच्या हातीं दिला. त्यांत लिहिलें होतें : ज्यांची मुदत १ फेब्रुवारी २०२० पासून पुढें संपली असेल अशीं कागदपत्रें. आमची त्याआधीं चार दिवस संपली होती.

आम्हीं वाद केला. शास्त्री मंडळींत वाढलेला माणूस वाद करणारच. आदेशाचा हेतु पाहावा, शब्द पाहूं नयेत; जो फेब्रुवारींत अडला तो आणि जो जानेवारींत अडला तो, दोघांनाही कचेरी सारखीच बंद; चार दिवसांनीं काय होतें, इत्यादि. सूनबाई म्हणाल्या, "जानेवारींत कचेरी उघडी होती, मामंजी." यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्ही शाळेंत तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना सांगत आलों कीं प्रश्नपत्रिकेवरची सूचना शेवटपर्यंत वाचा.

परंतु खरें सांगावयाचें तर या उत्तरानेंही आम्ही किल्ली खालीं ठेविली नसती. दंडाचें भय आम्हांस नव्हतें. बिनपरवाना गाडी चालविण्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनें ५०० चा ५,००० रुपये झाला, पण महाराष्ट्रानें ती वाढ तेव्हां लागू केलेली नव्हती. ती डिसेंबर २०२१ मध्यें आली. शिवाय अक्कांपुढें पांच हजार काय? आम्हांस थांबविलें तें सूनबाईंच्या पुढच्या वाक्यानें. त्या म्हणाल्या, "आणि वाटेंत कोणाला लागलें तर? गाडी दादांच्या नांवावर आहे."

यांतलें मर्म पुष्कळ घरांत ठाऊक नसतें, म्हणून थोडें विस्तारानें लिहितों. विमा उतरलेली गाडी असली तरी चालकापाशीं चालू परवाना असला पाहिजे अशी विम्याची अट असते. ही अट मोडली असतां काय होतें तें सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं स्वर्णसिंग यांच्या प्रकरणांत सांगितलें आहे. रस्त्यावरच्या त्रयस्थ माणसास इजा झाली तर त्या बिचाऱ्याची भरपाई बुडूं नये म्हणून विमा कंपनीस ती द्यावयास लावतां येते. परंतु मालकानें हयगयीनें बिनपरवान्याच्या हातीं गाडी दिली असें ठरलें, तर दिलेली रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करूं शकते. मालकाकडून, हा शब्द महत्त्वाचा. पुढें त्याच वर्षीं, सप्टेंबर २०२० मध्यें, बेलीराम यांच्या प्रकरणांत त्याच न्यायालयानें संपलेल्या परवान्याविषयींच निकाल दिला : चालकाचा परवाना संपून तीन वर्षें झालीं होतीं, मालकानें तो नवा केला कीं नाहीं हें पाहिलें नव्हतें, आणि जबाबदारी मालकावर आली. हा निकाल एप्रिलमध्यें आमच्यापुढें नव्हता. पण दादांचा चेहरा आमच्यापुढें होता. ते ओटीवर बसून हें सर्व ऐकत होते आणि एक शब्द बोलले नाहींत. बोलले असते तर आम्ही कदाचित् भांडलों असतों. एकत्र घर म्हणजे एकाच्या हातीं गाडी आणि दुसऱ्याच्या नांवावर विमा. आमच्या हट्टाची किंमत त्यांच्या वाट्याच्या शेतावर बसली असती. रांजणगांवच्या फेरींत ती बसतां बसतां राहिली होती हेंही त्याच क्षणीं ध्यानांत आलें, आणि अंगावर कांटा आला.

बरें, सूनबाई चालवितील आणि आम्ही शेजारीं बसूं, अशी तडजोड आम्हीं सुचविली. तीही चालली नाहीं. त्या वेळच्या केंद्राच्या नियमांप्रमाणें निकडीच्या कामास निघालेल्या चारचाकींत चालकाशिवाय एकच माणूस, तेंही मागच्या आसनावर, बसूं शके. येतांना अक्का बसणार. म्हणजे आमच्यासाठीं जागाच नव्हती. सूनबाईंस एकटीनें जावें लागणार होतें.

त्या सकाळीं सात वाजतां निघाल्या. सासूबाईंनीं, म्हणजे आमच्या कुटुंबानें, दशमी आणि दह्याचा डबा दिला. आम्ही दिंडीपाशीं उभे होतों. कांहीं सांगावें म्हणून "पारगांवच्या पुलावर जपून" एवढें म्हणालों. त्यांनीं मान हलविली. रस्ता ओस होता, त्यामुळें आवाज बराच वेळ ऐकूं येत राहिला.

वाट पाहण्याचा दिवस कसा गेला तें लिहिण्यांत अर्थ नाहीं. न्हावऱ्यापुढें पोलिसांनीं अडविलें, कागद पाहिले, जाऊं दिलें. चौफुल्यावर पुन्हां पाहिले. दोन्ही ठिकाणीं परवाना मागितला. हें सूनबाईंनीं मागाहून सहज बोलतां बोलतां सांगितलें आणि आम्हीं तें ऐकलें न ऐकलेंसें केलें. दुपारीं तीनच्या सुमारास गाडी दाराशीं आली. मागच्या आसनावर अक्का, हात गळ्यांत बांधलेला, मांडीवर देवांची पेटी. उतरतांना आमच्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "तुझ्यापेक्षां सावकाश चालविते रे ही. मी पाटसपर्यंत झोपलें." अक्का आमच्या घरीं पांच महिने राहिल्या.

राहिली परवान्याची गोष्ट. सरकारनें वैधतेची मुदत पुढें पुष्कळ वेळां वाढविली : ३० सप्टेंबर २०२०, ३१ डिसेंबर २०२०, ३१ मार्च २०२१, ३० जून २०२१, ३० सप्टेंबर २०२१ आणि शेवटीं ३१ ऑक्टोबर २०२१. प्रत्येक वेळीं आम्ही आदेश मुळापासून वाचीत असूं, आणि प्रत्येक वेळीं त्यांत तीच १ फेब्रुवारी. सर्वोच्च न्यायालयानें दावे-अपिलांच्या मुदती १५ मार्च २०२० पासून थांबविल्या, त्यांतही आमचें बसण्यासारखें नव्हतें. आमचें घड्याळ चालूच होतें, आणि २८ जानेवारी २०२१ ला परीक्षेची पाळी येणार होती.

त्या उन्हाळ्यांत कचेऱ्या उघडल्या, पण दिवसाकाठीं ठराविकच माणसें घेत. पहाटे उठून संकेतस्थळावर वेळ मागावी तर सर्व वेळा भरलेल्या. साठीच्या माणसानें घराबाहेर पडूं नये असा डॉक्टरांचा सल्ला, आणि शिरूरचें शिबिर कधीं भरेल तें कोणी सांगेना. आम्ही सप्टेंबर, ऑक्टोबर असेच दवडले. भीति खरी होती, पण थोडा आळसही होता. नोव्हेंबरांत सूनबाईंनीं अर्ज भरून दिला आणि डिसेंबरची वेळ मिळविली. आम्ही तोंडावर फडकें बांधून गेलों, दोन तास रांगेंत उभे राहिलों, आणि खिडकीशीं पोंचल्यावर कळलें कीं डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर नोंदणीक्रमांक नाहीं. कागद परत. कारकुनाचा स्वर बरा नव्हता, पण त्याची चूक नव्हती. येतांना गाडी सूनबाईंनींच चालविली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत पुन्हां गेलों, जादा शुल्क भरलें, आणि वर्ष पुरें होण्यास थोडेच दिवस उरले असतां काम झालें.

आतां हें पुष्कळ सोपें झालें आहे, हेंही सांगितलें पाहिजे. मार्च २०२१ मध्यें केंद्र सरकारनें आधार-ओळखीवर घरबसल्या मिळणाऱ्या अठरा सेवा जाहीर केल्या, त्यांत परीक्षेची गरज नसलेलें परवान्याचें नूतनीकरण आहे. आणि त्याच वर्षीं जूनपासून महाराष्ट्रांत शिकाऊ परवान्याची परीक्षासुद्धां घरून देतां येऊं लागली. म्हणजे दौंडच्या भगिनींच्या श्वशुरांस प्रकृतीची जी अडचण आहे ती बहुधा घरीं बसूनच निवारतां येईल. आधार-क्रमांकाशीं जोडलेला दूरध्वनि त्यांच्याच हाताशीं असावा, एवढी काळजी घ्यावी.

आणि तोंवर गाडी चालवूं द्यावी कीं काय, या प्रश्नाचें उत्तर : देऊं नये. गाडी कोणाच्या नांवावर आहे तें त्यांना एकदां विचारून पाहावें. बाईंनीं पत्रांत लिहिलें आहे कीं त्यांना स्वतःला गाडी शिकण्याची इच्छा होती, पण घरांत कधीं विषय निघाला नाहीं. शिकाऊ परवान्याचा अर्जही 'सारथी'वरच भरतां येतो. श्वशुरांचा अर्ज भरावयास बसतील त्याच दिवशीं हाही भरावा, असें आम्ही सुचवितों. वाटल्यास हा लेख त्यांना वाचावयास द्यावा.

आमच्या त्या वेळच्या परवान्याचीं पांच वर्षेंही सरलीं. या खेपेस आम्हीं मुदतीच्या आधीं आठ महिने अर्ज केला. डॉक्टरांकडे सूनबाईंनींच नेलें, आणि त्यांनीं नोंदणीक्रमांक आधीं वाचून पाहिला.

पुढील महिन्यांत मृत्युपत्राच्या नोंदणीसंबंधीं आलेल्या पत्रांचा विचार करूं.